सतरा हजार आठशेचा मेटल डिटेक्टर : आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मी हे मशीन सोनं शोधायला घेतलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठ महिन्यांत ज्याच्या ज्याच्या नजरेला ते पडलं, त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं, "मग, घावलं का काय?"

घावलं. व्हॉल्व्ह घावला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरींत तारा नव्यानं भरून द्यायचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. गाव करवीर तालुक्यातच, नदीच्या अंगाला. तिथं दोन एकर ऊस. त्या उसाला पाणी येतं त्या पाईपलाईनचा बिडाचा व्हॉल्व्ह आमच्या तात्यांनी कुठं पुरलाय ते फक्त तात्यांना माहीत. २०१९ चा महापूर आला, मग २०२१ चा आला, दोन्ही वेळा गाळ बसला, बांध सरकले आणि तात्यांच्या खुणेचं बाभळीचं झाडही गेलं. लाईन फुटली तेव्हा आम्ही पाच ठिकाणी खड्डे काढले. सहाव्या खड्ड्याला गडी म्हणाला, "मालक, एखादं मशीन बघा की." म्हणून ऑनलाईन हे मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढं मी विक्रेत्याबद्दल थोडं वाकडं बोलणार आहे, आणि तसाही तो एकच माल पाच नावांनी मिळतो.

व्हॉल्व्ह अर्ध्या तासात मिळाला, हातभर खोल. तेवढ्यातच मशीनचे निम्मे पैसे फिटले.

आता मशीनबद्दल. वजन दीड किलोच्या आत, पण तासाभरानं मनगट बोलायला लागतं. पट्टा स्वस्तातला आहे, मी जुन्या शाळेच्या दप्तराचा लावला. हेडफोनची वायर तिसऱ्या महिन्यात तुटली, ती मीच डाग देऊन जोडली. जाहिरातीत "दोन मीटर खोल" म्हटलंय. त्यावर जाऊ नका. रुपयाचं नाणं वीतभर अंतरावरून वाजतं, जमिनीत त्याहून कमी. दोन मीटरवर जे वाजेल ते नाणं नसेल, ट्रॅक्टर असेल.

आतली करामत मात्र आमच्या धंद्यातली, म्हणून मला मजा आली. मोटरचा स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग, पातळ पत्र्यांचा का करतात? अखंड लोखंडात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखा गोल वीजप्रवाह, फिरतो आणि कोअर तापतो, तो रोखायला. इथं बरोबर उलटं आहे. खालची कॉइल जमिनीत चुंबकीय लहरी सोडते, पुरलेल्या धातूत तोच एडी करंट मुद्दाम फिरवते आणि त्याचा जो पडसाद येतो तो दुसऱ्या कॉइलनं ऐकते. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या त्याच करंटचे इथं कान देऊन आवाज ऐकायचे. लोखंडाचा आवाज जाड, तांब्या-चांदीचा बारीक, मधल्या पट्टीत बाकी सगळी जत्रा.

त्या मधल्या पट्टीतच घोळ आहे. गुटख्याच्या पुडीची चंदेरी फॉइल, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, शिशाचा तुकडा, सगळं जवळजवळ एकाच सुरात. फॉइल वाजू नये म्हणून ती पट्टी बंद केली की शिसंही गप्प. हे पुढं लक्षात ठेवा.

दुसरं, आपली जमीन. काळ्या दगडाची माती, तिच्यात मुळातच लोहाचा अंश. कॉइल खालीवर हलली की मशीन उगाच कुरकुरतं. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्यावर तर ते वेड्यासारखं करतं. मातीचा आवाज दाबायला ग्राउंड बॅलन्सचं बटण आहे, ते दर पंधरा-वीस पावलांना परत लावावं लागतं. आणि आमच्याकडचा खास ताप म्हणजे फौंड्रीची वाळू. वर्षानुवर्षं रस्त्याला, बांधाला भर म्हणून टाकलेली आहे, आत बिडाचे कण आणि स्लॅग. तिथं मशीन लावणं म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत कानात कुजबुजणं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "सर, गोल्ड मोड लावा." मशीनवर गोल्ड मोड नाही.

सापडलं काय काय? ट्रॅक्टरच्या तीन पिना, बैलाच्या पत्र्या, फाळाचं टोक, सायकलची चेन, खिळे मोजले नाहीत, बाटल्यांची बुचं मोजली तर लाज वाटेल. शेजारच्या वहिनींचं कानातलं भुईमूग काढताना पडलं होतं, ते दहा मिनिटांत मिळालं. त्या दिवशी चहाबरोबर पोहे आले.

इथवर चार स्टार. आता पाचवा का नाही, आणि मधेच दोन का कमी करावेसे वाटले, ते.

मशीन आल्याची बातमी पसरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दोघं बुलेटवरून दुकानात आले. एक पांढऱ्या शर्टातला, एक नुसता मान हलवणारा.

"मालक, मशीन भाड्यानं मिळंल का? एका रातीचं पाच हजार देतो."

"रात्रीचं कशाला?"

"पडकं देऊळ हाय एक. तिकडं दिवसा माणसं असत्यात."

"आणि तुमच्याकडं कोण आहे? मांत्रिक?"

पांढरा शर्ट हसला. "पायाळू माणूस हाय की. पर आताशा अंजन लागू पडत न्हाई, मालक. म्हणून मशीन."

लहानपणी आजीकडून ऐकलेलं सगळं आठवलं. पायाळू जन्मलेल्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचे हंडे दिसतात, हंड्यावर नाग असतो, नागाला काहीतरी द्यावं लागतं. त्या "काहीतरी"पायी या राज्यात माणसं मेलीत, लहान पोरं मेलीत, आणि २०१३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. माझ्या सतरा हजारांच्या मशीनला यांनी नवा पायाळू ठरवलं होतं. मी म्हटलं, मोटर भरायची असली तर घेऊन या, बाकी काही मिळणार नाही. ते गेले, पण जाताना मान हलवणारा पहिल्यांदाच बोलला, "दुसऱ्याकडं मिळंल."

मी त्यांच्यापेक्षा फार वेगळा आहे असं तेव्हा वाटलं होतं. दीड महिनाच वाटलं.

आमच्या भावकीच्या शेतात एक उंचवटा आहे. सगळे त्याला पांढर म्हणतात. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं, हे आपल्याकडं पूर्वापार. तर कधीकाळचं गाव तिथं होतं. आजी तिथली माती आणून भिंती सारवायची. चुलतभावाला विचारलं, तो म्हणाला, "फिरव की, तिथं काय ऊस हाय?" सरकारी फलक नाही, कुंपण नाही. रविवारी सकाळी गेलो.

पहिल्या तासात एक शिवराई, तांब्याचं जुनं नाणं. गुळगुळीत, पण 'छत्र' अक्षरं वाचता येत होती. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग मधल्या पट्टीत एक दबका आवाज आला. फॉइल असेल म्हणून सोडणार होतो. खुरप्यानं माती काढत गेलो. वर भुसभुशीत, मग राखेसारखा काळपट पट्टा, दोन-चार खापरं, एक निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा. सगळं बाजूला उडवलं, कारण मशीन त्यावर वाजत नव्हतं. पाऊण वितीवर करडा, जड, वाकडातिकडा गोल. शिसं.

घरी येऊन चिंच-मीठ लावून काथ्यानं घासलं. देवाची भांडी घासतात तसं. चकचकीत झालं. मुलीनं फोटो काढला.

माझ्याकडं एक सर मोटर भरायला देतात, इतिहास शिकवून निवृत्त झालेले, तरुणपणी उत्खननावर राबलेले. त्यांची बोअरची मोटर माझ्याच टेबलावर उघडी पडलेली होती. त्यांना नाणं दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाणं उजेडात तिरकं धरलं, बराच वेळ बोलले नाहीत.

"इथं धनुष्य असावं," ते म्हणाले. "आणि मागं टेकडीसारखी कमानींची खूण. कोल्हापूरच्या कुर राजांची शिशाची नाणी अशी असतात, सातवाहनांच्या काळातली. नाव असतं कडेनं. विळिवायकुर, सिवलकुर. ते तू घासून टाकलंस."

मग त्यांनी सांगितलं की या राजांपैकी आधी कोण आणि नंतर कोण हे ठरलं ते एकाच्या नाण्यावर दुसऱ्यानं आपला ठसा मारलेली नाणी मिळाली त्यावरून. खालच्या ठशाची पुसट रेघ, वरचा ठसा ताजा. म्हणजे कागद नाही, शिलालेख नाही, नुसती रेघेवर रेघ. आणि मी काथ्या मारला होता.

"किती खोल होतं?"

"पाऊण वीत."

"राखेच्या पट्ट्याच्या वर की खाली?"

आठवेना.

"खापरं लाल होती की काळी? बांगडीचा तुकडा नाण्याजवळ होता की वर? काचेच्या बांगड्या आपल्या कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात निघाल्या त्या बहामनी थरात. तुझं नाणं त्याच्या हजारभर वर्षं आधीचं. दोन्ही एका खड्ड्यात कशी आली? माती कुणी उकरली होती, की उंदरांनी बिळं केली होती, की नाणंच कुणी नंतर उचलून आणलं होतं?"

मी गप्प. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी माझ्या टेबलावरच्या स्वतःच्या मोटरकडं बोट केलं आणि विचारलं, "तू कॉइल कापायच्या आधी काय करतोस?"

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जळकी मोटर आली की पहिल्यांदा वही. किती स्लॉट, किती टर्न, तारेचं गेज काय, पिच किती, कनेक्शन स्टार की डेल्टा. मग कापायचं. मी शिकाऊ होतो तेव्हा एकदा वही न लिहिता दहाच्या दहा कॉइल छिन्नीनं उडवल्या आणि तांबं वेगळं काढून, वस्तादाला खूश करावं म्हणून, वजन करून ठेवलं. वस्तादानं कानाखाली वाजवली. म्हणाला, "तांबं भंगारवाला बी काढतो. मोटर कशी होती ते सांग." ती मोटर एका गिरणीची होती, जुनी परदेशी, डेटा कुठंच मिळत नव्हता. पुन्हा कधी नीट चालली नाही.

मी पांढरीत जाऊन तांबं काढून आणलं होतं.

त्याच शनिवारी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये गेलो. सीपीआर हॉस्पिटलसमोर. शाळेत असताना सहलीला गेलेलो, त्यानंतर थेट आता. ब्रह्मपुरीची ती रोमन काळातली समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती, पोसायडन. वीतभरही नसेल. कपाट लहान, काचेवर बोटांचे ठसे. तिच्याबरोबरचा हत्ती, त्यावर बसलेली माणसं, आरसा, भांडी. ही सगळी ब्राँझं एकत्र निघाली, ब्रह्मपुरीच्या टेकाडातून. प्राध्यापक कुंदनगारांनी तिथं काम केलं आणि मग १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी थर लावून खणलं. एकत्र निघाली आणि ती कुठून निघाली ते लिहून ठेवलं गेलं, म्हणून पंचगंगेकाठच्या या गावाचं रोमशी काही नातं होतं असं आज छातीठोक म्हणता येतं. हीच मूर्ती एकटी, कुणाच्या पिशवीतून, मुंबईच्या एखाद्या दुकानात पोचली असती तर? कुणीतरी म्हणालं असतं, इटलीहून कुणी साहेबानं आणली असेल. संपलं.

आणि बघा, त्याच टेकाडातल्या काचेच्या बांगड्या. माझ्या मशीनला काच दिसत नाही. खापर दिसत नाही, जळकं धान्य दिसत नाही, हाड दिसत नाही, चुलीची राख दिसत नाही. माणसं जिथं जगली तिथलं जवळजवळ काहीच त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त विकता येण्याजोगं.

कायद्याचंही बघितलं. मशीनबरोबर चोवीस पानांचं पुस्तक आलंय, मुखपृष्ठावर सोन्याच्या मोहरांनी भरलेला हंडा, आत कायद्याची एक ओळ नाही. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून चालू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठं, कधी. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद, दंड, आणि सापडणाऱ्याचा हिस्साही जातो. कळवलं आणि मालक कुणी निघाला नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश, त्यांच्यात वेगळा करार नसेल तर. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेता येतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवान्याशिवाय खणायचंच नाही, तो १९५८ चा वेगळा कायदा. म्हणजे पन्हाळ्यावर मशीन घेऊन "जरा फिरून येऊ" म्हणणाऱ्या पोरांनो, नाद सोडा. आणि शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवणं बंद.

माझं शिसं भंगारात अडीच रुपयांचं. पण सर म्हणाले, किंमत भंगाराची धरत नाहीत. अर्ज लिहिला, दोन प्रतींत. एका सरकारी कार्यालयात तीन टेबलं फिरलो. पहिल्या टेबलाला वाटलं मला नाणं हरवल्याची तक्रार द्यायचीय. दुसऱ्यानं विचारलं, सोन्याचं आहे का, नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तिसऱ्या बाईंनी शिक्का मारून दिला आणि म्हणाल्या, "काका, असा अर्ज मी पहिल्यांदाच बघतेय." नाणं आणि शिवराई दोन्हींची नोंद आहे, पोच माझ्या फाईलीत आहे, पुढचं पत्र अजून आलेलं नाही.

आता इथं काही जण म्हणतील, इंग्लंडात तर लोक सर्रास मशीन घेऊन फिरतात. फिरतात. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एका हौशी माणसाला शेतात सोन्याचा प्रचंड साठा लागला, अँग्लो-सॅक्सन काळातला. त्यानं कळवलं, पुरातत्त्ववाल्यांनी नीट खणलं, किंमत बत्तीस लाख पौंडांच्या वर ठरली आणि ती त्याच्यात आणि शेतकऱ्यात वाटली गेली. त्यांच्याकडं १९९६ चा कायदा आहे, आणि बारीकसारीक वस्तूंचीही नोंद घ्यायला १९९७ पासून माणसं नेमलेली आहेत. कुठं सापडलं ते नकाशावर टिपून घेतात. दुसरीही बाजू तिथलीच. २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला, त्यांनी लपवला, तुकड्यातुकड्यानं विकला. तीनशेच्या आसपास नाणी असावीत असा अंदाज, हाती लागली तीसेक. २०१९ साली दोघं तुरुंगात गेले. ती उरलेली नाणी आज कुणाच्या तरी कपाटात असतील, पण त्यांच्यातून कळलं असतं ते आता कुणालाच कळायचं नाही.

आपल्याकडं नोंद घेणारा माणूस तालुक्याला नाही, हे खरं. माझ्यासारख्यानं नाणं घेऊन जायचं कुठं, तर तीन टेबलं. मग लोक सराफाकडं जातात, सराफ वजन करतो.

आणि पुरातत्त्ववाल्यांनाही सगळं माफ नाही. सरांनाच मी म्हटलं, तुमच्यातही खणून वर्षानुवर्षं अहवाल न काढणारे आहेत. ते म्हणाले, आहेत, आणि अहवाल न काढलेलं उत्खनन तुझ्या चिंचेपेक्षा वाईट, कारण तू पाऊण वीत खणलंस, ते दोन माणूस खणतात. मग मी दुसरा दगड मारला. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर आज घरं आहेत, जागोजागच्या पांढरी जेसीबीनं उचलून वीटभट्टीला आणि शेतात जातात. ट्रॉलीच्या ट्रॉली. मग आम्ही मशीनवाल्यांनीच काय घोडं मारलंय?

यावर त्यांनी चहा संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. शेवटी म्हणाले, "जेसीबी आंधळा आहे. त्यातून कधीमधी एखादा भाग वाचतो. तू डोळस आहेस. थराचा काळ सांगणारी वस्तू बहुतेक वेळा नाणं असते, आणि तू नेमकी तीच वेचून नेतोस. पंचनाम्याआधी कुणी फक्त सुरा उचलून न्यावा तसं."

मला हे पूर्ण पटलं असं नाही. जेसीबीवाल्याला कुणी अर्ज करायला लावत नाही आणि मला लावतात, हा राग आहेच. पण मी पांढरीत पुन्हा गेलो नाही. एकदा फक्त बांगडीचा तुकडा शोधायला गेलो होतो. चुलतभावानं तिथं रोटाव्हेटर मारून सोयाबीन टाकलं होतं.

तर ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी. शेतातलं लोखंड वेचायला, रोटाव्हेटरची पाती वाचवायला, हरवलेला व्हॉल्व्ह, चेंबरचं झाकण, कानातलं, जोडवं शोधायला मशीन चांगलं आहे, पैसे वसूल. चार्जिंगच्या सेलचा जादा सेट घ्या, पट्टा बदला, फौंड्रीच्या भरावावर डोकं फोडून घेऊ नका. काळीत बिनधास्त फिरवा. पांढर दिसली की बंद करा. काही लागलंच तर खड्डा तसाच ठेवा, वर ओली फडकी टाका, फोनमध्ये जागेची खूण करा, पट्टी ठेवून फोटो काढा, घासू नका. चिंचेचा तर विचारही करू नका. साडेतीन स्टार. अर्धा हेडफोनच्या वायरीपायी कापला, एक त्या मुखपृष्ठावरच्या हंड्यापायी.

परवा एक फोन आला. नंबर कुणी दिला कुणास ठाऊक. आवाज ओळखीचा वाटला, तो मान हलवणारा असावा.

"मालक, तुमचं मशीन किती खोल जातंय?"

"वीतभर."

"तेवढंच?"

"तेवढंच."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं, आमच्या पाहुण्यांची पाच एचपीची मोटर जळलीया. भरून देणार का?"

घेऊन ये म्हटलं. टेबलावर आहे. वहीत डेटा उतरून झालाय, छत्तीस स्लॉट, उद्या कापायला घेतो.